पैठणीची नक्षी रस्त्याकडेच्या भिंतीवर कशी उतरवावी

भिंतीवर पैठणीतला मोर काढताना चित्रकार त्याची मान सहज, गुळगुळीत वळवतो आणि तिथेच तिचे पैठणीपण हरवते. उभ्या-आडव्या धाग्यांतून घडणारी नक्षी बारीक पायऱ्यापायऱ्यांनीच वळते. भिंतीवर या पायऱ्या जपणे हेच या कामाचे मर्म आहे.

आधी भिंतीच्या मालकाची, भिंत सार्वजनिक असल्यास नगरपालिकेची, लेखी परवानगी घ्यावी. पावसाळ्यानंतर भिंत पूर्ण वाळली की पोपडे खरवडून, भेगा बुजवून बाहेरच्या भिंतींसाठीचा प्रायमर लावावा.

नमुना ठरवण्यापूर्वी शक्य असल्यास येवल्याला किंवा पैठणला जाऊन चालू माग पाहावा. नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी विणकराच्या हाताशी धागा गुंडाळलेली वेगळी कांडी असते आणि दोन रंग भेटतात तिथे तो धागे एकमेकांत अडकवतो. म्हणूनच हातमागावरच्या अस्सल पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की रंगांच्या सीमा पुसट करण्याचा मोह उरत नाही.

पहिल्या कामासाठी बांगडी मोराऐवजी, म्हणजे बांगडीसारख्या गोलातल्या मोराऐवजी, मुनिया म्हणजे पैठणीतला छोटा पोपट घ्यावा. आलेख-कागदावर ही मुनिया 40 चौकोन रुंद काढावी. भिंतीवर एक चौकोन 5 सेंटिमीटरचा धरल्यास पक्षी 2 मीटर रुंद होतो. ओळंबा (वजन बांधलेली दोरी) वरून खाली सोडून पहिली उभी रेघ घ्यावी, तिच्या काटकोनात आडवी घ्यावी आणि मग रंग लावलेले सूत ताणून भिंतीवर मारून संपूर्ण जाळी आखावी. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु येथे एक बोटभर चूक झाली तर चोचीपर्यंत सारे तिरपे होत जाते.

पदराची जमीन जरीची असते. तिच्यासाठी सोनेरी रंगापेक्षा हळदी पिवळा मला अधिक योग्य वाटतो, कारण सोनेरी रंग उन्हापावसात लवकर निस्तेज होतो. पक्ष्याचा पोपटी, चोचीचा लाल आणि बाह्यरेषेचा गडद रंग सपाट लावावा. एका चौकोनात एकच रंग, छटा नको.

नवेपणा मांडणीतून आणावा. भिंतीवरून पाण्याचा पाइप जात असेल, तर असावलीची, म्हणजे पैठणीतल्या फुलांची, वेल त्यावरून चढू द्यावी. केबल लोंबत असेल, तर मुनिया तिच्यावर बसल्यासारखी दिसेल अशी जागा निवडावी. काम झाल्यावर रस्ता ओलांडून समोरून पाहावे, पायऱ्या दिसेनाशा झालेल्या जागा दुरुस्त कराव्यात आणि कोपऱ्यात आपल्या नावाआधी ज्या गावाचे विणकाम समोर ठेवले त्या गावाचे नाव लिहावे.