गारा गारायेव यांचे संगीत कसे ऐकावे

अझरबैजानचे संगीतकार गारा गारायेव (१९१८–१९८२) यांच्या नावाचा रशियन वळणाचा उच्चार ‘कारा कारायेव’ असा आहे. सोव्हिएत काळातील ध्वनिमुद्रणे बहुधा त्याच नावाने सापडत असल्यामुळे शोध दोन्ही नावांनी घ्यावा.

मात्र सुरुवात त्यांच्या रचनांपासून करू नये. आधी अर्धा तास मुगाम, म्हणजे अझरबैजानचे परंपरागत अभिजात संगीत, ऐकावे. त्यात ‘खानंदे’ म्हणजे गायक असतो आणि साथीला तार हे छेडून वाजवायचे आणि कमांचा हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य असते. सुरावट खालच्या स्वरांवर रेंगाळत टप्प्याटप्प्याने वर चढते, आणि रागसंगीत ऐकणाऱ्याला ही बढत परकी वाटत नाही. तरीही ‘शूर’ किंवा ‘चाहारगाह’ हे मुगाम ऐकताना अमुक राग कोणता, हे शोधत बसू नये. त्या नादात ऐकणे राहून जाते. बाकूत जन्मलेल्या गारायेव यांना या परंपरेचे शास्त्र अझरबैजानी संगीतकार उझेयिर हाजीबेयोव यांच्याकडून मिळाले आणि पुढे मॉस्कोत रशियन संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच यांच्याकडे ते रचना शिकले. या दोन शिकवणी त्यांच्या संगीतात कुठे एकत्र येतात, हेच कान देऊन ऐकायचे आहे.

यासाठी ‘सात सुंदरी’ सर्वांत सोयीची. बाराव्या शतकातील फारसी कवी निझामी गंजवी यांच्या काव्यावरून सुचलेली ही वाद्यवृंदमालिका १९४९ची, तर त्याच नावाचा बॅले १९५२चा. प्रथम त्यातला वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचे नृत्यसंगीत, ऐकावा, तोही दोनदा: पहिल्यांदा केवळ ठेक्यासाठी आणि दुसऱ्यांदा त्या युरोपीय ठेक्यावर तरंगणाऱ्या पूर्वेकडच्या सुरावटीसाठी. नंतर सात राजकन्यांची स्वरचित्रे घ्यावीत; त्यांत एक भारतीय आहे, पण तिच्या स्वरचित्रात आपले संगीत सापडेल अशी अपेक्षा बाळगू नये. त्यापाठोपाठ १९४७ची ‘लैला-मजनू’ ही सिंफनिक कविता, म्हणजे कथेवर बेतलेली सलग वाद्यवृंदरचना, ऐकावी. ती जेमतेम पाव तासाची आहे, पण वॉल्ट्झच्या गोडव्यावरून ज्यांनी गारायेव यांच्याविषयी मत बनवले असेल, त्यांना ते बदलावे लागेल.

पियानो वाजवणाऱ्यांनी चोवीस प्रेल्यूड्स जरूर पाहावेत. १९५१ ते १९६३ या काळात चार भागांत लिहिलेल्या या छोट्या रचना क्रमाने ऐकल्या की संगीतकाराची भाषा कशी आटोपशीर होत गेली, हे कळते.

मग १९६४च्या तिसऱ्या सिंफनीकडे वळावे. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मानमरातब मिळून चुकलेले असताना, गारायेव यांनी येथे बारा स्वरांची पद्धत, म्हणजे सप्तकातले बाराही स्वर ठरवलेल्या क्रमाने वापरण्याची रीत, स्वीकारली. पहिल्या श्रवणात ती कोरडी वाटेल. त्यासाठी आधी आशिग, म्हणजे साज हे लांब मानेचे तंतुवाद्य वाजवत गाणारे लोककवी, ऐकून ठेवावेत. मग त्या काटेकोर स्वरमांडणीतूनही साजाच्या तारांचा खणखणाट डोकावतो.

बाकूच्या कन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, गारायेव यांनी अनेक वर्षे शिकवले. त्यांच्या शिष्यांपैकी आरिफ मेलिकोव यांनी ‘प्रेमाची दंतकथा’ हा बॅले लिहिला, तर फ्रांगिझ अलीझादे अगदी वेगळ्या वाटेने गेल्या. गुरूची नक्कल दोघांतही आढळत नाही, हे मला त्यांच्या अध्यापनाचे मोठे यश वाटते. अलीझादे यांची चेलो व पियानोसाठीची १९७९ची ‘हबील सायागी’ ही रचना ऐकण्याआधी कमांचावादक हबील अलीयेव यांचे थोडे वादन ऐकावे, म्हणजे चेलोवर गज कशासाठी असा घासला आहे आणि पियानोच्या तारांचा आवाज मुद्दाम का बदलला आहे, हे लगेच उमगेल.