पार्किंगचे पट्टे कधी मारावेत? हवामान बघून तारीख ठरवण्याची पद्धत

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत एका वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पार्किंगचे पट्टे मारून घेतले. सकाळी कडक ऊन होतं. दुपारी चारला शेवटची गाडीची जागा आखून झाली आणि साडेपाचला वळीव कोसळला. पांढरा रंग उतारावरून वाहत गटाराच्या जाळीपर्यंत गेला, आणि जो उरला त्याचे पोपडे श्रावणाच्या आत सुटले. पेंटर चांगला होता, रंगही बरा होता. चुकली होती ती फक्त तारीख, आणि ती आम्ही कमिटीनेच ठरवली होती. त्यानंतर दोनदा हे काम मी स्वतः उभं राहून करून घेतलं. त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: महिना ठरवा

पुण्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पठारी भागात उघड्या पार्किंगसाठी सगळ्यात भरवशाचा काळ म्हणजे नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर. परतीचा पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघून जातो, पण काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकच्या खालची माती लगेच कोरडी होत नाही. तिला तीन-चार आठवडे ऊन खाऊ द्या. ऑक्टोबरमध्ये आभाळ निळंशार दिसतं म्हणून घाई करणाऱ्यांचा रंग खालून येणाऱ्या ओलाव्याने उचलला जातो.

हे वेळापत्रक सोसायटीच्या कारभारालाही सोयीचं आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. त्या सभेत खर्चाला मंजुरी घ्या, ऑक्टोबरमध्ये दरपत्रकं मागवा, नोव्हेंबरमध्ये काम. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. मार्चअखेर शिल्लक पैसे दिसतात, एप्रिलमध्ये चर्चा होते आणि मे महिन्यात वळवाच्या तोंडावर रंगाचे डबे येतात.

मुंबई, कोकण आणि गोव्यात डिसेंबर ते फेब्रुवारी धरावा, कारण तिथली हवा ऑक्टोबरभर आणि पुढेही बरेच दिवस दमट राहते. विदर्भात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठीक, फक्त धुक्याच्या सकाळी टाळायच्या. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे हवाच 45 अंशांच्या आसपास जाते, तेव्हा उन्हातलं डांबर त्याहून कितीतरी जास्त तापलेलं असतं. अशा पृष्ठभागावर रंगाची वरची साय क्षणात वाळते, आतला थिनर अडकतो आणि फोड येतात.

आणखी एक गोष्ट कॅलेंडरमध्ये बघा. दिवाळीत निम्मी सोसायटी गावी गेलेली असते, गाड्याही गेलेल्या असतात. दिवाळी उशिरा, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याकडे आली, तर भाऊबीजेनंतरचे दोन-तीन दिवस यासाठी सोन्यासारखे. फक्त पेंटरही गावी जातात, म्हणून त्यांच्याशी आधी बोलून ठेवा.

दुसरी पायरी: जमीन खरंच कोरडी आहे का ते तपासा

आभाळ स्वच्छ असलं तरी जमीन ओली असू शकते, आणि रंग जमिनीवर बसणार आहे. साधी चाचणी अशी: अंदाजे दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, काँक्रीटवर पसरा आणि चारही कडा रुंद टेपने पक्क्या चिकटवा. संध्याकाळी लावलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी काढा, किमान सोळा तास जायला हवेत. प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट काळपट झालं असेल, तर आठवडाभर थांबा आणि पुन्हा लावून बघा. एकाच जागी नको. भिंतीलगत, पाण्याच्या टाकीजवळ आणि मधोमध अशा तीन ठिकाणी लावा. आमच्याकडे मधला भाग कोरडा होता आणि टाकीजवळचा चिंब. टाकी झिरपत होती हे त्या प्लास्टिकमुळेच कळलं.

नवीन काँक्रीट असेल तर कमीत कमी 28 दिवस जाऊ द्या. नव्या डांबरालाही काही आठवडे द्यावेत, नाहीतर त्यातलं तेल वर येऊन पांढरे पट्टे पिवळट-तपकिरी होतात.

बेसमेंटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे जवळजवळ प्रत्येक कमिटी फसते. ‘वर छत आहे, मग पावसाळ्यात केलं तरी चालेल’ असं वाटतं. खरं तर बेसमेंटची फरशी बाहेरच्या हवेपेक्षा थंड असते. दमट हवा रॅम्पवरून आत शिरली की तिच्यातली वाफ त्या थंड फरशीवर पाणी होऊन बसते, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसं. हिशोब करून बघा. 100 मधून आर्द्रता वजा करा, उरलेल्याला 5 ने भागा आणि तेवढं हवेच्या तापमानातून वजा करा, की दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्याचा, अंदाज मिळतो. मुंबईत ऑक्टोबरातल्या एखाद्या दिवशी तापमान 32 आणि आर्द्रता 75 टक्के असेल, तर 25 भागिले 5 म्हणजे 5, आणि 32 वजा 5 म्हणजे 27 अंश. बेसमेंटची फरशी 27 च्या आसपास किंवा खाली असेल तर ती घाम गाळणार. डोळ्यांना न दिसणारा ओलावा त्याच्या बराच आधी तयार होतो. रंगकामातला नियम असा की पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश गरम हवा. म्हणून बेसमेंट जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत करा, आणि फरशीचं तापमान बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा. तो फार महाग नाही.

तिसरी पायरी: रंग कोणता ते विचारा

दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट पार्किंगला लावू देऊ नका. पावसात तो निसरडा होतो आणि दुचाकीवाला वळणावर पडतो. रोड मार्किंगचाच रंग मागा. त्यासाठी आयएस 164 हे भारतीय मानक आहे, डब्यावर बघून घ्या. पाण्याच्या बेसचा रंग घेतलात तर 10 अंशांखाली आणि 85 टक्क्यांपेक्षा जास्त आर्द्रतेत तो नीट वाळत नाही.

हमरस्त्यावर दिसतात ते जाड पट्टे थर्मोप्लास्टिकचे असतात. ते मिश्रण साधारण 180 ते 200 अंशांना वितळवून ओततात आणि काही मिनिटांत घट्ट होतं. ‘हे लगेच वाळतं, पावसाच्या उघडिपीत उरकून टाकू’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. खाली ओल असेल तर त्या उष्णतेने तिची वाफ होते, बुडबुडे येतात आणि अख्खा पट्टा सुटून येतो. थर्मोप्लास्टिकला कोरडेपणा जास्तच लागतो.

पेव्हर ब्लॉकवर मात्र माझं मत स्पष्ट आहे. सांध्यांमधून शेवाळ आणि ओल येतच राहते, रंग फार काळ टिकत नाही. शक्य असेल तर हद्दीच्या ओळीतले ब्लॉक काढून पांढरे किंवा पिवळे बसवून घ्या.

चौथी पायरी: आधीचे चार दिवस

धुलाई कामाच्या किमान दोन उन्हाच्या दिवस आधी पूर्ण व्हायला हवी. ऑइलचे डाग आधी भुसा टाकून शोषून घ्या आणि मग साबणाने घासा. शेवाळ ब्लिचिंग पावडरने काढून भरपूर पाण्याने धुवा. सुटलेले जुने पोपडे तारेच्या ब्रशने खरवडा. कडेला गवत असेल तर तेही याच वेळी.

हवामान खात्याचं ‘मौसम’ ॲप या दिवसांत रोज बघा. पुढच्या दिवसांच्या अंदाजात अवकाळीचा उल्लेख असेल तर काम पुढे ढकला. कामाच्या दिवशी तीन तासांपुरता तात्काळ इशारा आणि जवळच्या रडारचं चित्र जास्त उपयोगी. कंत्राटदाराशी आधीच लेखी ठरवा की पावसामुळे तारीख बदलली तर जादा पैसे लागणार नाहीत, आणि सुरुवातीलाच दोन तारखा राखून ठेवा.

पाचवी पायरी: दिवसातले तास

हिवाळ्यात पेंटर सकाळी आठला हजर होतो. त्याला चहा द्या, दोरी मारून खडूने आखणी करायला सांगा, पण ब्रश साडेदहापर्यंत उचलू देऊ नका. पहाटेचं दव फरशीवरून गेलेलं असलं पाहिजे. गाडीच्या काचेवर किंवा दुचाकीच्या सीटवर ओल दिसते तोवर जमीनही ओली समजा. आखणीला तसाही वेळ लागतो: गाडीची जागा 2.5 मीटर बाय 5 मीटर, दुचाकीची 1 मीटर बाय 2 मीटर, आणि अपंगांसाठी 3.6 मीटर रुंद जागा विसरू नका.

शेवटचा हात दुपारी साडेतीनच्या आत संपवा. पाचनंतर गारवा उतरतो आणि रात्री पुन्हा दव पडतं. उन्हाळ्यात करावंच लागलं तर उलटं: सकाळी सात ते दहा. तळहात पाच सेकंद जमिनीवर ठेवता आला नाही तर थांबायचं. जोराचा वारा असेल त्या दिवशीही नको, धूळ ओल्या रंगात रुतते.

एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्यावेत, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा.

मध्येच पाऊस आला तर

काम थांबवा आणि डबे झाका. ओल्या पट्ट्यांवर प्लास्टिक अंथरू नका, ते चिकटून रंगासकट निघतं. शक्य तिथे वाळूच्या पिशव्या लावून वरच्या बाजूने येणारा लोंढा वळवा आणि गटाराच्या जाळीसमोरही एक आळं करा. दोन दिवस ऊन मिळाल्यावर नखाने खरवडून बघा. जे सुटतंय ते सगळं काढायचं, मगच नवीन हात. खराब थरावर चढवलेला नवा रंग त्या थरासोबतच निघतो.

गाड्या आत केव्हा घ्यायच्या

बोटाला रंग लागत नाही म्हणजे तो टायरला तयार झाला असं नाही. उघड्यावर पूर्ण 24 तास आणि बेसमेंटमध्ये 48 तास थांबा. गरम टायर कच्चा रंग उचलतात, विशेषतः जिथे स्टिअरिंग जागच्या जागी फिरवलं जातं तिथे. सगळं पार्किंग एकदम रिकामं होत नसेल तर आज सम क्रमांकाच्या रांगा, दोन दिवसांनी विषम. नोटीस आठवडाभर आधी लिफ्टमध्ये लावा आणि रात्रपाळीच्या वॉचमनदादांना समक्ष सांगा, कारण रात्री उशिरा घरी येणाऱ्याला दोरी ओलांडण्यापासून तेच थांबवू शकतात. मीटर रूममध्ये कामाची तारीख, रंगाचं नाव आणि त्या दिवशीची आर्द्रता लिहून ठेवा. पुढची कमिटी तीन वर्षांनी तिथूनच सुरुवात करेल.