उभ्या गाडीचा एचडीआर फोटो बिघडतो कुठे? या चुका टाळा

एचडीआर म्हणजे एकाच दृश्याचे गडद, मधला आणि उजळ असे फोटो एकत्र करून एक फोटो बनवणं. उभी गाडी हलत नाही, म्हणून त्याचा सराव बरेच जण तिच्यापासूनच सुरू करतात. पण गाडीचा पत्रा म्हणजे वळणावळणाचा आरसा. आभाळ, समोरची इमारत, तुमचा शर्ट, सगळं त्यावर उतरतं. फोटो बिघडला की आपण सॉफ्टवेअरला बोल लावतो. माझा अनुभव असा, की निम्म्याहून जास्त चुका शटर दाबायच्या आधीच झालेल्या असतात.

मुंबईच्या टॅक्सीताफ्यातून प्रीमियर पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून कायमची गेली. तेव्हापासून कुणी घरची पद्मिनी जपलेली दिसली की मी थांबतेच. दादरच्या पारशी कॉलनीत अशीच एक पांढरी गाडी रेन ट्रीखाली उभी होती. टपावर उन्हाचे कवडसे, चाकांच्या कमानीत मिट्ट काळोख. मी घाईत गडद, मधला आणि उजळ असे तीन फोटो घेतले आणि घरी येऊन एकत्र केले. टपाच्या कडेने पांढुरकी वलयं आली, झाडाच्या पानांचा चिखल झाला आणि दारावर मी स्वतः, कॅमेरा डोळ्याला लावलेली.

आधी पानांचं बघू. तीन फोटोंच्या मधल्या वेळात वारा आला, त्यामुळे प्रत्येक फोटोत पान वेगळ्या जागी होतं. माणूस किंवा कावळा मध्ये आला तरी हेच होतं, त्याची भुतासारखी सावली उरते. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘डीघोस्ट’ असतं. ते आधी ‘लो’वर ठेवून बघा, कारण जास्त लावलं की तेवढाच तुकडा दाणेदार दिसतो. त्यापेक्षा कॅमेरा बर्स्टवर टाकून तिन्ही फोटो एका दमात घ्यावेत आणि वारा पडेपर्यंत थांबावं.

सगळाच फोटो हलल्यासारखा दिसत असेल तर हिशोब करून पाहा. मधला फोटो १/६० सेकंदाचा असेल, तर दोन स्टॉप (एका स्टॉपला उजेड निम्मा किंवा दुप्पट होतो) गडद १/२५० ला येतो आणि दोन स्टॉप उजळ १/१५ ला. हा १/१५ हातात धरून घेणं भल्याभल्यांना जमत नाही. ट्रायपॉड लावा, दोन सेकंदांचा टायमर लावा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ वर पक्कं. अॅपर्चर बदललं तर फोकसची खोलीही बदलते, मग फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत. व्हाइट बॅलन्सही (रंगांचा समतोल) ऑटोवर सोडू नका आणि रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, घ्या.

घेतलेले तीन पुरेत का, हे हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, सांगतो. सर्वांत गडद फोटोत आभाळ उजव्या कडेला आपटता कामा नये, सर्वांत उजळ फोटोत चाकाची कमान डाव्या कडेला चिकटता कामा नये. क्रोमच्या बंपरवर सूर्याचा जो टिपका चमकतो तो मात्र पांढराच राहू द्या. त्यात तपशील शोधायला गेलं की बंपर शिशासारखा करडा दिसतो.

आता वलयं. ही चूक सर्वांत जास्त दिसते आणि मला सर्वांत जास्त खुपते. सॉफ्टवेअरमध्ये शॅडोज (गडद भाग) पूर्ण वर, हायलाइट्स (उजळ भाग) पूर्ण खाली आणि वर क्लॅरिटीचा (तपशील उठावदार करणाऱ्या स्लायडरचा) मारा, की आभाळाला टेकलेल्या प्रत्येक कडेला उजेडाची किनार येते. गाडीच्या बाबतीत नुकसान आणखी मोठं. बॉनेटवर उजेड हळूहळू सावलीत विरघळत जातो, त्यातच रंगाची सगळी नजाकत असते. क्लॅरिटी तिथे धूळ आणि फडक्याचे ओरखडे उकरून काढते. मी आता क्लॅरिटी फक्त टायर आणि जाळीवर मास्क करून (तेवढाच भाग निवडून) लावते, बॉनेटला हात लावत नाही.

दारावरच्या माझ्या प्रतिबिंबासाठी मी पोलरायझर, म्हणजे लेन्सवर बसणारा, चमक कापणारा फिरता फिल्टर, घेतला. काच आणि रंगावर तो काम करतो, क्रोमवर करत नाही. प्रतिबिंब पूर्ण पुसलं तर गाडी मेल्यासारखी दिसते, म्हणून रिंग अर्ध्यावर थांबवा आणि तिन्ही फोटो होईपर्यंत तिला स्पर्श करू नका. मागच्या काचेवर इंद्रधनुषी ठिपके आले तर घाबरू नका, टफन्ड काच पोलरायझरमधून तशी दिसते. तरीही खरा उपाय दोन पावलं बाजूला सरकणं हाच.

सरकायचंच आहे तर मागेही सरका. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने जवळून घेतलं की हेडलाइट फुगतो आणि मागची बाजू आक्रसते. लांब जाऊन ५० ते ८५ मिलिमीटरच्या लेन्सने घ्या, कॅमेरा हेडलाइटच्या उंचीला आणा. टपातून विजेचा खांब उगवलेला नाही ना, तेही बघा.

दुसऱ्या रविवारी मी परत गेले. मालक दारातच होते. गाडीच्या समोर, तिच्या डाव्या कोपऱ्याला उभं राहून मी विचारलं, “अंकल, स्टिअरिंग जरा उजवीकडे फिरवाल का?” चाक कॅमेऱ्यापासून पलीकडे वळलं की रिमचा चेहरा आपल्याकडे येतो, आपल्या बाजूला वळलं की नुसता टायर. त्यांनी हसत फिरवलं, वर फडक्याने हबकॅपही पुसून दिला. सूर्य नुकताच इमारतींमागे गेला होता, आभाळ आणि सावली जवळजवळ एका पातळीवर आली होती. तीन फोटो घेतले खरे, पण शेवटी मधली एकच रॉ फाइल पुरली. नंबर प्लेट झाकली आणि प्रिंट त्यांना नेऊन दिली.