गोव्यातल्या सिंगल माल्टचा हिशोब कसा मांडायचा

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की. पण बार्लीचा भाव नंतर बघा, आधी ती मुरवायचं बॅरल. अमेरिकेत बर्बनला, म्हणजे तिकडच्या मक्याच्या व्हिस्कीला, नवंच ओक लाकडाचं बॅरल लागतं, म्हणून एकदा वापरलेली साधारण २०० लिटरची बॅरलं बाहेर विकली जातात आणि आपल्याकडे येतात. आता स्कॉटलंडमध्ये बॅरलमध्ये मुरताना वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास माल वाफ होऊन उडून जातो, गोव्याच्या उकाड्यात ८ टक्के तरी धराच, म्हणजे ५ वर्षांनी तिकडे १८० लिटर उरतात आणि इकडे जेमतेम १३२, आणि ही सगळी घट बाटलीच्या किमतीत टाकावीच लागते. पण त्याच उकाड्यात व्हिस्की लवकर मुरते, जास्त वर्षं पैसा अडकत नाही, व्याज वाचतं, हे लोक हमखास विसरतात!

मग पाणी घालून किती होतं ते काढा. समजा ५८ टक्के अल्कोहोलचे १३२ लिटर ४६ टक्क्यांवर आणले, तर साधारण १६६ लिटर, म्हणजे ७५० मिलीच्या सुमारे २२० बाटल्या.

टॅक्स वेगळा मांडा. दारू जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे काच, लेबल, बूच यांवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या टॅक्समधून वजावट, मिळत नाही, वर एक्साइज, म्हणजे दारूवरचा राज्याचा कर, प्रत्येक राज्याचं वेगळं, म्हणून तीच बाटली पणजीत स्वस्त आणि मुंबईत महाग.