सॅलॅमँडरची पैदास : अंडी भरपूर, तरी प्रकल्प फसतो, या चुका टाळा

सॅलॅमँडर म्हणजे पालीसारखा दिसणारा, शेपटीवाला उभयचर प्राणी. त्याला टाकीत वाढवून पुन्हा ओढ्यात सोडायच्या प्रकल्पात सगळ्यात महागात पडणारी चूक टाकीत पाणी भरण्याआधीच होते. नर-मादी नेमक्या कुठल्या ओढ्यातून आणल्या, याची नोंदच नसते. चीनमध्ये महाकाय सॅलॅमँडर ही एकच जात समजून वेगवेगळ्या नद्यांतले प्राणी फार्मवर एकत्र वाढवले आणि नद्यांत सोडलेही. या एका नावाखाली किमान पाच वेगळ्या जाती असाव्यात, हे 2018 साली जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. तोवर सरमिसळ होऊन गेली होती, आणि ती निस्तरता येत नाही. ॲक्सोलॉटल या आयुष्यभर पाण्यातच राहणाऱ्या सॅलॅमँडरचंही तेच. प्रयोगशाळांतल्या वंशात टायगर सॅलॅमँडर या दुसऱ्या जातीचा संकर झालेला आहे, त्यामुळे हौशी माणसाने टाकीतला ॲक्सोलॉटल मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यात सोडला तर तो उपकार नव्हे. जनुकीय चाचणी आधी, जोड्या नंतर. वंशनोंदवही ठेवा, सहज फळणाऱ्या एकाच नराच्या पिल्लांनी टाक्या भरू नका.

जोडी आहे, पण अंडी नाहीत? बऱ्याचदा पाण्याचं तापमान वर्षभर एकसारखं ठेवलेलं असतं. थंड प्रदेशातल्या जातींना ऋतू बदलल्याची खूण लागते. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात ओझार्क हेलबेंडर या मोठ्या सॅलॅमँडरची पैदास 2011 साली जगात पहिल्यांदा जमली, ती कृत्रिम ओढे आणि त्यांत घरट्याच्या पेट्या ठेवून. हेलबेंडरमध्ये अंड्यांची राखण नर करतो. रोज झाकण उघडून डोकावायची हौस आवरा.

पिल्लांचे पाय तुटलेले दिसले की रोगाची शंका येते. आधी गर्दी आणि भूक तपासा, कारण भावंडंच चावतात. पाय पुन्हा फुटतात, म्हणून ही चूक झाकली जाते, इतकंच! आकारानुसार पिल्लं वेगळी करा.

जाळी, बूट, हातमोजे प्रत्येक टाकीला वेगळे हवेत. 2013 साली ओळखल्या गेलेल्या बीसॅल या त्वचा पोखरणाऱ्या बुरशीने नेदरलँड्समधल्या फायर सॅलॅमँडरची संख्या जवळजवळ संपवली. नवा प्राणी विलगीकरणात ठेवा, त्वचेचा नमुना तपासा. टाकीचं सांडपाणी निर्जंतुक केल्याशिवाय ओढ्यात जाऊ देऊ नका.

आणि सोडायची घाई? ओढ्यात गाळ, सांडपाणी किंवा बाहेरून आणलेले शिकारी मासे तसेच असतील तर थांबा. सोडलेल्या प्रत्येकाला सूक्ष्म चिप लावा, नाहीतर पुढच्या पाहणीत सापडलेला प्राणी आपलाच की जंगली, हे ओळखता येणार नाही.