दिवाळीच्या सुट्टीत दहावीचा अभ्यास: सुट्टी १६ दिवसांची, हातात येतात २४ तास

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी लेकीची दहावी झाली आणि यंदा धाकट्याची आहे, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीचं टाइमटेबल या विषयात मी एकदा चांगली तोंडावर आपटलेली बाई आहे, तेवढ्या अधिकारावर लिहितेय.

लेकीच्या वेळी काय केलं ते आधी सांगते. शाळेला सुट्टी लागली त्याच संध्याकाळी पिवळं कार्डशीट आणलं, सहा रंगांची स्केचपेनं, सकाळी ५ ते रात्री १० असे रकाने, गणिताला लाल सायन्सला हिरवा वगैरे, आणि फ्रिजवर लावून त्याचा फोटो काढून मी माहेरच्या ग्रुपवर टाकला पण. तिसऱ्या दिवशी डोंबिवलीहून आत्या फराळाला आल्या, मुलं घेऊन, तो दिवस गेला. तिसऱ्याचं चौथ्यावर ढकललं, चौथ्याचं आणि तिसऱ्याचं मिळून पाचव्यावर, आणि पाडव्याच्या सकाळी बघते तर बाईसाहेबांनी ते कार्डशीट उलटं करून मागच्या बाजूला रांगोळीचं डिझाइन काढलेलं. मी ओरडले. ती रडली. दोघींचाही काही उपयोग झाला नाही.

चूक तिची नव्हती हो, आम्ही दिवस मोजलेच नव्हते. म्हणून यंदा विषयांना हात लावायच्या आधी कॅलेंडर काढलं.

मी किचनमध्ये खाली बसून सोऱ्यातून चकल्या पाडत होते आणि तो समोर पेन्सिल घेऊन. सुट्टी १६ दिवस. म्हटलं आधी खोड. नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, हे चार गेले. तो म्हणतो अगं अभ्यंगस्नान पहाटेच होतं, दुपारी बसेन की. म्हटलं बसणार नाहीस, पहाटे मित्रांबरोबर आमच्या ठाण्यातल्या राम मारुती रोडला जाणार, तिथून तलावपाळी, तिथून मिसळ, आणि दुपारी घरी येऊन आडवा होणार, दर वर्षी हेच होतं, मग कागदावर खोटं कशाला लिहायचं. राहिले १२. गावाला वाईला जाऊन येऊन तीन दिवस, राहिले ९. एक दिवस कपड्यांची खरेदी, सर्दी-ताप, अचानक आलेले पाहुणे यांच्या नावाने. राहिले ८.

आता या ८ दिवसांत तास मोजू नका, बैठका मोजा. आमची बैठक म्हणजे दीड तास, मधे पाच मिनिटं पाणी प्यायला उठलं तर चालेल, फोन बघायला नाही. दिवसाला तीन बैठका: सकाळी साडेसात ते नऊ, मग ११ ते साडेबारा, आणि दुपारी साडेचार ते सहा. सहानंतर आम्ही काही ठेवतच नाही कारण आमच्या सोसायटीत सात वाजले की लवंगी फटाक्यांच्या माळा चालू होतात त्या साडेदहापर्यंत, आणि त्या आवाजात प्रकाशाचं अपवर्तन कुणाच्या डोक्यात शिरणार. तर ८ गुणिले ३, २४ बैठका झाल्या. त्यातून क्लासची व्हेकेशन बॅच वजा करा. त्याची चार सकाळी आहे, म्हणजे चार बैठका गेल्या, राहिल्या २०. इथे एक सांगते, क्लास दोन तासांचा असेल तर दोन तास धरू नका, घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत धरा. लेकीची मैत्रीण कासारवडवलीहून नौपाड्याला क्लासला यायची, घोडबंदर रोडला अडकली की दोन तासांच्या क्लासला चार तास जायचे आणि घरी येऊन ती अर्धमेली.

राहिलेल्या २० मधल्या ४ बैठका पूर्ण रिकाम्या सोडायच्या. रिकाम्या म्हणजे त्यावर काहीच लिहायचं नाही. आम्ही दर दुसऱ्या दिवशीची दुपारची बैठक रिकामी ठेवली. जे मागे पडेल ते फक्त त्या रिकाम्या बैठकीत जाईल, उद्याच्या डोक्यावर बसणार नाही. लेकीच्या टाइमटेबलात नेमकी हीच एक गोष्ट नव्हती म्हणून ते सगळंच्या सगळं कोसळलं.

म्हणजे उरल्या १६. दीड तासाच्या १६ बैठका, २४ तास. तो पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला, "आई, १६ दिवसांच्या सुट्टीत फक्त एक दिवस अभ्यास?" म्हटलं हो बाळा, एकच दिवस, फक्त तो तुकडे करून मिळतो. हा आकडा मुलांना स्वतःच्या हाताने काढू द्या, आपण सांगितला तर लेक्चर वाटतं.

आणि पालकांसाठी, आपल्या महाराष्ट्र बोर्डाची परीक्षा आता आधी सरकलीय हे लक्षात असू द्या. २०२४ ला दहावीची परीक्षा १ मार्चला चालू झाली होती, २०२५ ला २१ फेब्रुवारीलाच. दिवाळीनंतर शाळा उघडली की गॅदरिंग, स्पोर्ट्स, जर्नल पूर्ण करणं, तोंडी-प्रॅक्टिकल यात डिसेंबर कुठे जातो कळत नाही आणि जानेवारीत प्रिलिम डोक्यावर. निवांत बसून कच्चं ते पक्कं करायला मिळेल अशी ही शेवटची सुट्टी, नाताळचे चार दिवस मी धरत नाही.

आता विषय. इथे बहुतेक घरांत बैठका गणित आणि सायन्सलाच जातात आणि मराठी-हिंदी "होईल गं". जरा मार्क बघा. भाषेचा प्रत्येक पेपर ८० चा, तीन भाषा म्हणजे २४०. बीजगणित ४०, भूमिती ४०, विज्ञानाचे दोन भाग ४०-४०, इतिहास-राज्यशास्त्र ४०, भूगोल ४०, तेही २४०. म्हणजे लेखी परीक्षेतले अर्धे मार्क भाषांचे आहेत! बाकी प्रत्येक विषयाला २० शाळेकडचे. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये, म्हणजे सहापैकी चांगल्या पाच विषयांवर टक्के काढतात त्यात, एक विषय सुटतो हे खरं, पण तीन भाषांमधला सुटला तर एकच सुटेल ना, दोन तर धरल्या जातातच. तरी मार्क नेमके कुठे जातात ते बघून आमची वाटणी अशी झाली, गणिताला पाच, विज्ञानाला चार, भाषांना तीन, इतिहास-भूगोल मिळून दोन, आणि उरलेल्या दोन बैठका पेपर सोडवायला. तुमची वेगळी होईल, व्हायलाच पाहिजे.

ती कशावरून ठरवायची, तर सहामाहीचे पेपर घरी असतील ते काढा. नसतील तर शाळेत मागून बघा. किती मार्क पडले ते सोडा, कुठे गेले ते बघा. आम्ही पेन्सिलने प्रत्येक कापलेल्या मार्काशेजारी खूण केली: आलंच नाही, येत होतं पण वेळ संपला, आणि वेंधळेपणा. बीजगणितात त्याचे ११ मार्क गेले होते त्यातले ६ निव्वळ वेंधळेपणाचे, वर्गसमीकरणात ऋण चिन्ह पुढच्या ओळीत उतरवायचंच विसरायचं. त्यासाठी अख्खा धडा परत करायची काय गरज, वीस गणितं सावकाश लिहून काढायची आणि प्रत्येक ओळीला चिन्ह तपासायचं. याउलट इंग्रजीत त्याचे मार्क गेले होते वेळ संपल्यामुळे, शेवटचं रायटिंग स्किल अर्धंच राहिलं. म्हणजे इंग्रजीच्या बैठकीत वाचन नाही, घड्याळ लावून पत्र आणि रिपोर्ट लिहायचा.

बैठकीत काय लिहायचं तेही नीट लिहा. नुसतं "भूमिती" असं लिहिलं की मूल अर्धा तास वही शोधण्यात आणि कुठून चालू करू यात घालवतं. आमच्या कागदावर होतं, "समरूपता, सराव संच १.२, मग पुस्तक मिटून दोन प्रमेयं." तर त्या बैठकीनंतर हा बाहेर आला, समरूपता झाली म्हणे. मी कोरा कागद दिला, कोनदुभाजकाचं प्रमेय लिहून दाखव. त्रिकोण काढला, दुभाजक काढला, पक्ष लिहिलं, साध्य लिहिलं, आणि तिथेच पेन थांबलं. दुभाजकाला समांतर रेषा काढायची असते ती रचनाच आठवेना. वाचलं होतं तेव्हा सगळं कळलेलं होतं, खोटं नव्हता बोलत तो. पण वाचून कळणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर उतरणं वेगळं, आणि बोर्डात कागद कोराच मिळतो. तेव्हापासून नियम केला, बैठकीची शेवटची वीस मिनिटं पुस्तक माझ्या हातात. मला भूमिती येत नाही, गरजही नाही, पुस्तकातली ओळ आणि त्याची ओळ जुळते का एवढंच बघायचं.

आणि तेच प्रमेय चार दिवसांनी परत विचारायचं, दहा-पंधरा मिनिटं, वेगळी बैठक नाही. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थांनी निरर्थक शब्द पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले होते आणि १८८५ साली ते छापले, पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरलं जातं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो, आणि एकदम घोकण्यापेक्षा दिवस सोडून उजळणी केली तर कमी मेहनतीत टिकतं. म्हणून भूमितीच्या बैठका एकाच दिवशी सलग लावू नका, दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा. आम्ही सकाळी डोकं ताजं असताना गणित आणि अकराला विज्ञान असं ठेवलं, दुपारी भाषा नाहीतर इतिहास.

पेपरच्या दोन बैठका सुट्टीच्या शेवटच्या टप्प्यात ठेवा आणि बरोबर ११ वाजता चालू करा. बोर्डाचा सकाळचा पेपर ११ लाच असतो, ४० मार्कांना दोन तास, आणि आता शेवटी १० मिनिटं जास्त देतात. हो, दोन तासांचा पेपर दीड तासाच्या बैठकीत बसत नाही, त्या दिवशी जेवण उशिरा. एक गोष्ट बघून घ्या, दिवाळीपर्यंत पोर्शन पूर्ण झालेला नसतो, त्यामुळे जुना बोर्डाचा पेपर जसाच्या तसा दिला तर मूल घाबरतं. झालेल्या धड्यांचे प्रश्न दोन-तीन पेपरांतून गोळा करून ४० मार्क करा, क्लासच्या सरांना सांगितलं तर तेही करून देतात. तपासायला मात्र दुसऱ्या कुणाला द्या. आई तपासते तेव्हा तिला अर्धं उत्तर पूर्ण दिसतं, किंवा पूर्ण उत्तरात चुका दिसतात, मूड कसा आहे त्यावर.

फोनचं काय करायचं याचं उत्तर माझ्याकडे पण अर्धंच आहे. शाळेचा ग्रुप, क्लासचा ग्रुप, सगळ्या पीडीएफ तिथेच, आणि पीडीएफ उघडायला घेतलेला फोन रीलवर कधी जातो देवाला माहीत. आम्ही सुट्टीच्या पहिल्याच दिवशी लागणाऱ्या सगळ्या पीडीएफची झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि फोनचा चार्जर किचनच्या ओट्यावर ठेवला, बैठकीच्या वेळी फोन तिथे चार्जिंगला. माझा पण. माझा बाहेर राहिला की त्याला लगेच अन्याय वाटतो.

घरात जागा नसेल, वन बीएचकेत फराळाची गडबड आणि टीव्ही चालू असेल, तर जवळच्या अभ्यासिकेत चौकशी करा, फक्त दिवाळीत कुठले दिवस बंद आहे ते आधी विचारून घ्या. आम्ही समोरच्या काकूंना विचारलं, त्यांचा मुलगा पुण्याला असतो, खोली रिकामी. काकू दर बैठकीला शंकरपाळे देतात एवढाच तोटा.

गावाला जाताना दप्तर नेऊ नका. आम्ही लेकीचं नेलं होतं, सात किलोचं, तीन दिवस ओसरीवर तसंच पडलेलं आणि ते बघून बघून तिला खेळताना पण अपराधी वाटत होतं. यंदा फक्त मराठीचं पुस्तक नेलं, त्यातल्या दोन कविता आजोबांना म्हणून दाखवल्या त्याने, तेवढंच.

भाऊबीजेला कुणीतरी विचारणारच, काय मग किती टक्के. आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं की उत्तर मी देणार, "निकाल लागला की पेढे घेऊन येतो", आणि लगेच चकलीची ताटली पुढे करायची.

हे लिहितेय तेव्हा सुट्टीचे दोन दिवस उरलेत. १६ पैकी १३ बैठका झाल्या, उष्णतेचा धडा आणि भूगोलाची एक बैठक राहिली, आणि एक पेपर उद्या ११ ला. दोन रिकाम्या बैठका मागचं भरण्यात गेल्या, एक सर्दीत. शेवटची रिकामी आज दुपारी होती, उष्णता घेशील का विचारलं तर म्हणाला उद्या दुपारी घेतो, आणि खाली जाऊन सोसायटीचा किल्ला मोडायला लागला, मावळे धुवून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकायचे होते. मी काही बोलले नाही, बैठक रिकामीच होती.