कौटुंबिक ब्रुअरीची स्ट्राँग एल कशी चाखावी, कशी पारखावी

आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हटलं की ६५० मिलीची थंडगार बाटली डोळ्यांपुढे येते. ती लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेली बिअर असते आणि थंड असेपर्यंतच तिची मजा असते. इंग्लंडमधल्या जुन्या, घराण्यांनी चालवलेल्या ब्रुअऱ्यांची स्ट्राँग एल, म्हणजे जरा ऊबेत आंबवलेली कडक बिअर, हे प्रकरण पूर्ण वेगळं आहे. बाटली लहान, अल्कोहोल ८ ते ११-१२ टक्के, आणि फ्रिजमधून काढल्या काढल्या प्यायली तर तिच्यातलं जवळजवळ काहीच कळत नाही.

मँचेस्टरजवळ राहायला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी नेमकं तेच केलं. ओल्ड टॉम नावाच्या एलची एक बाटली फ्रिजमधून काढली, ग्लासात ओतली, दोन घोट घेतले. गोड, कडू, बस. तेवढ्यात घरून फोन आला आणि ग्लास तसाच राहिला. पाऊण तासानं तळातला घोट घेतला तेव्हा भिजवलेल्या काळ्या मनुका, काकवी, आणि मागून छातीत हळूहळू पसरणारी ऊब जाणवली. बिअर तीच होती, फक्त तिला वेळ मिळाला होता. पुढचं सगळं त्या घोटातून शिकलेलं आहे.

बाटल्या निवडा, पण तीन-चारच

सुरुवातीला दोन ब्रुअऱ्या पुरेत. स्टॉकपोर्टची रॉबिन्सन्स १८३८ साली युनिकॉर्न इन नावाच्या खानावळीपासून सुरू झाली. तिची ओल्ड टॉम १८९९ पासूनची, ८.५ टक्क्यांची. ब्रुअरीतल्या बोक्यावरून तिला नाव मिळालं. त्याचा चेहरा तेव्हा कृतीच्या वहीत काढला होता आणि लेबलावर आजही बोकाच आहे. दुसरी मँचेस्टरची जे. डब्ल्यू. लीस, १८२८ सालची. तिची हार्वेस्ट एल १९८६ पासून दर वर्षी बनते, ११.५ टक्क्यांची. त्या हंगामातल्या मॅरिस ऑटर जातीच्या जवाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स (कडूपणा देणारी फुलं), आणि बाटलीवर वर्ष छापलेलं. दोन वेगळ्या वर्षांच्या हार्वेस्ट एल शेजारी शेजारी ठेवून चाखणं हा या छंदातला सर्वात चांगला धडा आहे.

घराणं आणि चव यांचा संबंध मी मानतो तो यीस्टमुळे, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या किण्वामुळे. इंग्लंडमधल्या लुईस गावची हार्वीज १७९० पासूनची ब्रुअरी आहे. तिथे १९५७ साली आणलेलं यीस्ट एका घाण्यातून दुसऱ्या घाण्यात असं आजतागायत चालत आलंय. आपल्या घरात वर्षानुवर्षं एकाच विरजणाचं दही लागतं, तसंच. त्या यीस्टची एक खूण त्यांच्या प्रत्येक बिअरमध्ये सापडते. शिवाय अशी एल मुरवायला महिनोन् महिने जागा अडवावी लागते, आणि तेवढा धीर घरच्या धंद्यातच जास्त दिसतो.

भारतात या बाटल्या क्वचितच मिळतात. इंग्लंडहून येणाऱ्याला सांगायचं तर कस्टम्सच्या नियमानुसार प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. बाटल्या जाड मोज्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवायला सांगा.

साठवण

बाटली उभी, अंधारात, थंड जागी ठेवा. मी एकदा हार्वेस्ट एलच्या दोन बाटल्या स्वयंपाकघरातल्या बॉयलरच्या वरच्या फडताळात वर्षभर ठेवल्या. उघडल्या तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. चूक संपूर्ण माझी होती, आणि त्या बाटल्यांची हळहळ अजून वाटते. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात फ्रिजचा खालचा कप्पाच बरा.

तापमान आणि ग्लास

एल १२ ते १४ अंशांवर चाखायची. फ्रिजमधून काढून साधारण अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा. मे महिन्यात वीस मिनिटंही पुरतात. ग्लास ब्रँडीचा, म्हणजे पोट फुगीर आणि तोंड निमुळतं, कारण वास आत कोंडला पाहिजे. नुसत्या गरम पाण्यानं धुवा आणि उलटा ठेवून वाळवा. ओट्यावरच्या फडक्यानं पुसलात तर बिअरच्या आधी फोडणीचा वास येईल.

प्रत्येकाला ६० मिली ओता. ३३० मिलीची बाटली चौघांत आरामात होते. ब्रिटनमध्ये १० मिली शुद्ध अल्कोहोलला एक युनिट म्हणतात. १० टक्क्यांच्या एलचे असे चार नमुने म्हणजे २.४ युनिट. पोट रिकामं नको, आणि नंतर गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही. क्रम नेहमी कमी टक्क्यांकडून जास्तीकडे, मध्ये पाणी आणि साधा पाव.

आधी नाक

रंग उजेडात बघून घ्या: तांबूस, चहासारखा, की गडद तपकिरी. फेस कमी असला तरी काळजी नको. इतक्या अल्कोहोलमध्ये तो टिकत नाही. बघण्यावर याहून जास्त वेळ घालवू नका.

वासावर घालवा. ग्लास हलकेच फिरवा, दोन-तीन छोटे हुंगे घ्या, बाजूला ठेवा, पुन्हा घ्या. आणि जे आठवेल ते मराठीत लिहा. इंग्रजी पुस्तकांत ‘ट्रीकल’, ‘फ्रूटकेक’ असले शब्द असतात. ते ज्यांच्या आजीच्या स्वयंपाकघरातून आले, त्यांच्यासाठी ते खरे आहेत. आपलं नाक काकवीवर, खजुरावर, सुक्या अंजिरावर पोसलंय. थालीपिठाची भाजणी भाजताना धान्य तांबूस होतं, तेव्हा घरभर जो वास सुटतो, तो मला ओल्ड टॉममध्ये स्पष्ट येतो. जुन्या हार्वेस्ट एलमध्ये गुळाच्या ढेपेचा तळ, मुरलेला मोरावळा, कधी मधाचं पोळं. स्वतःच्या आठवणीतून आलेला शब्द पुढच्या वेळीही तसाच भेटतो. उसना घेतलेला दुसऱ्या दिवशी विसरतो.

मग घोट

लहान घोट घ्या, जिभेवर पसरू द्या, आणि गिळा. वाइन चाखणारे थुंकतात. बिअरचा कडूपणा मात्र गिळल्यावर नीट कळतो. तीन प्रश्न विचारा. गोडवा आला, पण तो संपतो का, की पाकासारखा दातांना चिकटतो? कडूपणा त्याला सावरतो का? आणि अल्कोहोल कुठे जाणवतं?

तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा, आणि माझा सगळा निवाडा त्यावर असतो. चांगल्या एलमध्ये अल्कोहोल म्हणजे ऊब: सुंठीच्या काढ्यासारखी, घशातून छातीत उतरणारी. वाईट एलमध्ये तो जाळ असतो, नाकात चढणारा आणि जीभ बधिर करणारा. साडेअकरा टक्के आहेत हे लेबल वाचूनच कळलं, तर ब्रुअरनं कमाल केली.

दोष ओळखा

ओला पुठ्ठा म्हणजे हवेनं बिघडलेली. पण हवेचाच दुसरा परिणाम, शेरी या वाइनसारखा, सुक्या मेव्याकडे झुकणारा, जुन्या एलमध्ये गुण मानतात. हा फरक पहिल्या वर्षी फसवतो. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला तर आंबवण जास्त तापमानाला झालेलं असतं. सिनेमागृहातल्या बटर पॉपकॉर्नचा वास म्हणजे डायअसेटिल, आंबवताना तयार होणारा एक पदार्थ. पुसटसा चालतो, ठसठशीत नको. उकडलेल्या मक्याचा वास चालत नाही. सोया सॉसची चव म्हणजे मेलेलं यीस्ट फुटलंय, फार जुन्या बाटलीत हे होतं. उग्र, गंधकी वास आला तर बाटलीला ऊन लागलंय. आणि आंबट? मुद्दाम केलेली नसेल तर नाही.

गुण द्या, पण उशिरा

बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रामची ५० गुणांची पद्धत घरीही सोयीची आहे: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला भरीवपणा ५, एकूण छाप १०. रूपाला अवघे तीन आहेत हे ध्यानात घ्या.

पहिले आकडे पेन्सिलनं लिहा. वीस मिनिटांनी, एल आणखी ऊबदार झाल्यावर, परत चाखा आणि मगच पेननं लिहा. माझ्या वहीत ओल्ड टॉमचे गुण बहुतेक वेळा वाढतात. जिचे कमी होतात, तिचा गोडवा थंडीमागे लपलेला होता असं समजा. गुण लिहून होईपर्यंत कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. एकानं ‘खजूर’ म्हटलं की सगळ्यांना खजूर लागायला लागतो.

शेवटी ग्लास लगेच धुवू नका. रिकामा ग्लास तासभर ओट्यावर राहू द्या आणि मग हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं; तळाशी माल्टचा जो चिकट थर उरतो त्यात भाजणी असेल किंवा गूळ असेल, तर तो शब्द वर्षासकट वहीत शेवटच्या ओळीत लिहा.